पेशंट चार पर्याय देत नाही

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ते आपलं’ बरेचसे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. जर्मन शब्द देवनागरीत लिहिलेत, त्यामुळे उच्चार अंदाजेच समजा.)

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. गेले दोन महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: “मॅडम, जर्मन शब्द पाठ करायला मोबाइलवर कुठलं ॲप चांगलं?” एकीनं तर रात्री दीड वाजता विचारलंय. नाइट ड्यूटीवर असणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी पुण्यात जर्मन शिकवते, आणि माझ्या संध्याकाळच्या ऑनलाइन बॅचमध्ये सध्या निम्म्याहून जास्त नर्सेस आहेत. मिरज, लातूर, नाशिक, सगळीकडून. पूर्वी माझ्याकडे इंजिनिअर यायचे, एमएससाठी जाणारे. आता चित्र बदललंय. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून तर जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींच्या घरी ‘जर्मनी’ हा शब्द ‘मुंबई’ इतक्या सहज बोलला जातो. पण तिथं नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी 2 पातळीचं जर्मन लागतं. बारा-बारा तासांची ड्यूटी, घर, काहींच्या कडेवर पोर, आणि हे सगळं सांभाळून बी 2. काहींनी नोकरी सोडून कर्ज काढलंय. त्यामुळे “कुठलं ॲप” हा प्रश्न मला हलका वाटत नाही. या मुलींकडे वेळ कमी आहे, आणि तो कुठं घालवायचा हे त्या विचारतायत.

आता आकडे बघू. गोएथे इन्स्टिट्यूट, आपण ज्याला भारतात मॅक्स म्युलर भवन म्हणतो, ते परीक्षांसाठी शब्दयाद्या देतं. ए 1 ची यादी साधारण 650 शब्दांची. बी 1 ची साधारण 2400 ची. बी 2 ला अशी आखीव यादीच मिळत नाही, समुद्रच आहे. रोज दहा नवे शब्द न चुकता घेतले तरी बी 1 पर्यंतच्या 2400 शब्दांना 240 दिवस लागतात. आठ महिने झाले. आणि हे कधी, तर पहिल्या दिवशी शिकलेला शब्द 240 व्या दिवशीही डोक्यात असेल तर.

माझ्या बॅचमध्ये एक सिस्टर होती. आयसीयूत काम करणारी, हुशार, मेहनती. तिच्या फोनवर एका प्रसिद्ध ॲपची सलग 200 पेक्षा जास्त दिवसांची साखळी होती. एक दिवस चुकला नव्हता. मी वर्गात रोल-प्ले घेते. मी पेशंट होते, ती नर्स. मी म्हटलं, मान अवघडलीये, मला अजून एक... आणि थांबले. तिनं विचारायचं होतं, उशी देऊ का? ती माझ्याकडे बघत राहिली. उशीचं चित्र तिनं शंभर वेळा पाहिलं होतं. शंभर वेळा बरोबर टॅप केलं होतं. म्हणाली, “ताई, समोर दिसला ना, तर लगेच ओळखेन.”

शब्द डास किसन. (‘डास’ म्हणजे चावणारा नव्हे, नपुंसकलिंगाचं आर्टिकल. आणि किसन म्हणजे आपल्या गावातल्या किसनसारखाच म्हणा, बऱ्यापैकी जवळ जातो. किसनच्या डोक्याखाली उशी. झालं, आता विसरून दाखवा.)

तर “समोर दिसला तर ओळखेन”. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे. शब्द ओळखता येणं आणि शब्द तोंडात येणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक ॲप पहिलं काम करून घेतात, कारण ते बोटानं करता येतं. चार चित्रं, चार पर्याय, टॅप, टुंग असा आवाज, हिरवी पट्टी. बरं वाटतं. पण वॉर्डातला पेशंट चार पर्याय देत नाही.

याबद्दल एक छान प्रयोग आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो 2008 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपल्या कामाचा, कारण तो परक्या भाषेच्या शब्दांवरच आहे. अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ दिले. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला की काही गटांत तो पुढच्या चाचण्यांमधून काढून टाकला, म्हणजे वाचायला समोर ठेवला, पण विचारला नाही. काही गटांत आलेला शब्दही पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आठवड्यानं परीक्षा. ज्यांना विचारत राहिले होते त्यांना साधारण 80 टक्के शब्द आठवले. ज्यांना विचारणं थांबवलं होतं त्यांना 35 टक्क्यांच्या आसपास. जास्त वेळा नुसतं वाचण्याचा जवळपास काही फायदा दिसला नाही.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. प्रयोगाच्या आधी नाही, शिकून झाल्यावर त्या मुलांना विचारलं होतं, आठवड्यानं किती आठवतील? सगळ्या गटांचा अंदाज जवळपास सारखा, साधारण निम्मे. म्हणजे ज्यांचं पक्कं झालंय आणि ज्यांचं वाहून जाणार आहे, दोघांनाही आतून सारखंच वाटतं. म्हणून “मला येतंय असं वाटतंय” यावर मी वर्गात विश्वास ठेवत नाही. काढून दाखवा म्हणते.

दुसरा मुद्दा विचारायचं कधी. इथं मोबाइल खरंच देवासारखा आहे, आणि तेही मी मोकळेपणानं सांगते. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यानं निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या होत्या, हजारोंनी. चिकाटी बघा. पुढं 1972 मध्ये झेबास्टियान लाइटनर यानं खोक्याची पद्धत लोकप्रिय केली. एका खोक्यात पाच कप्पे. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, तिथं ते जास्त दिवसांनी विचारायचं. चुकलेलं कार्ड परत पहिल्या कप्प्यात. जर्मनीत आजही पोरं पुठ्ठ्याचं असं खोकं वापरतात. मग 1980 च्या दशकात पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाकनं हेच गणित कॉम्प्युटरवर घेतलं, आणि 2006 मध्ये ‘आन्की’ आलं. आन्की हा जपानी शब्द, अर्थ पाठांतर. फुकट आहे, अँड्रॉइडवर ‘आन्कीड्रॉइड’ नावानं मिळतं. आयफोनवर मात्र पैसे पडतात.

तर घ्या, ॲपचं नाव सांगून टाकलं. पण थांबा, बंद करू नका. आन्की म्हणजे रिकामा डबा आहे. त्यात काय भरता यावर सगळं.

लोक काय करतात, कुणीतरी बनवलेला पाच हजार जर्मन-इंग्रजी शब्दांचा तयार गठ्ठा उतरवून घेतात. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. चालू. तीन आठवड्यांत कंटाळा, महिन्यानं ॲप डिलीट. माझी यावर दोन भांडणं आहेत.

पहिलं, दिशा. कार्डावर जर्मन शब्द दाखवून अर्थ विचारला की ते पुन्हा ओळखणंच झालं. उलटं करा. वर मराठी, आणि जर्मन तुम्ही मोठ्यानं म्हणायचं. मनात नाही. लोकलमध्ये असाल तर पुटपुटा, आजूबाजूचे जप चाललाय समजतील. उलटं कार्ड कठीण जातं, चुका जास्त होतात, गर्व जिरतो. पण वॉर्डात तुम्हाला तेच करायचंय.

दुसरं भांडण इंग्रजीशी. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथं आपण हातातलं सोनं टाकून देतो.

जर्मनमध्ये तीन लिंगं. डेअर, डी, डास. इंग्रजीत ती नाहीत, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याला ‘टेबल पुल्लिंगी’ हे ऐकूनच घेरी येते. आपल्याला? आपण रोज तो, ती, ते करतो. तो चमचा, ती सुरी, ते ताट. मराठी माणसाला टेबलाला लिंग असतं यात काही नवल नाही. पण आपण कार्डावर ‘हाउस म्हणजे हाऊस’ असं इंग्रजी लिहितो आणि हे सगळं पुसून टाकतो.

मराठीत लिहून बघा. डास हाउस, ते घर. डास बूख, ते पुस्तक. डास वासर, ते पाणी. डास किंट, ते मूल. डास झाल्त्स, ते मीठ. डास ब्लूट, ते रक्त. जुळतंय की नाही? सोनं, लोखंड, तांबं, तीनही आपल्याकडे ‘ते’, जर्मनमध्येही ‘डास’. मुलगी या अर्थाचा मेटशन हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे यावर इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं विनोद करतात. कारण साधं आहे, त्याच्या शेवटी लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द ‘डास’ होतो. आपल्याकडे लहानगी बघा: ते लेकरू, ते वासरू, ते कोकरू, ते पिल्लू. आपल्याला यात हसण्यासारखं काय आहे?

सगळं जुळत नाही, अर्थातच. सूर्य आपल्याकडे तो, जर्मनमध्ये डी झोन, ती. आणि शरीराच्या अवयवांत तर मोठा गोंधळ आहे, तोच नर्सला सगळ्यात जास्त लागतो. तो हात, पण डी हांट. ते डोकं, पण डेअर कोप्फ. ते पोट, पण डेअर बाउख. ते नाक, पण डी नाझ. तो गुडघा, पण डास क्नी. तो डोळा, पण डास आउग. म्हणून मी सांगते, कार्डं बनवताना जुळणारे शब्द साधे ठेवा आणि न जुळणाऱ्यांना रंग द्या. डेअर निळा, डी लाल, डास हिरवा. सगळ्याच शब्दांना रंग दिला तर डोळा रंग बघणं बंद करतो. तुमचं मराठी जिथं फसवतं तिथंच खूण हवी.

लिंग हे एक झालं. मला त्याहून मोठी वाटते ती ‘मला’ची गंमत. इंग्रजी वाटेनं गेलेला विद्यार्थी ‘मी थंड आहे’ असं जर्मन वाक्य जुळवतो. इश बिन काल्ट. ऐकणारा जर्मन समजतो, बाई स्वभावानं कोरडी दिसतेय. बरोबर वाक्य मिअर इस्ट काल्ट. मिअर म्हणजे मला. मला थंडी वाजतेय! मिअर इस्ट श्विंडलिश, मला चक्कर येतेय. मिअर इस्ट ऊबेल, मला मळमळतंय. डास गेफेल्ट मिअर, ते मला आवडतं. ज्याला होतंय तो वाक्याचा मालक नाही, त्याला ते होतंय. हे जर्मन डोकं आपलंच आहे. दोघांची सुरुवात ‘म’नं होते हेही लक्षात ठेवायला बरं. आणि पेशंट दिवसभर याच वाक्यांत बोलतो. त्यामुळे कार्डावर ‘चक्कर’ असा सुटा शब्द लिहू नका. लिहा ‘मला चक्कर येतेय’, आणि मागं पूर्ण जर्मन वाक्य.

सुट्या शब्दांचं दुखणं अजून एका ठिकाणी कळतं. आपनेमन हे क्रियापद घ्या. तयार गठ्ठ्यात त्याचा अर्थ असतो, वजन कमी होणं. खरंय. पण ब्लूट आपनेमन म्हणजे रक्त काढणं, तपासणीसाठी. फोन उचलण्यालाही तोच शब्द चालतो. आता एकाच शब्दाच्या मागे तीन अर्थ लिहिलेत तर कार्ड विचारतंय काय आणि तुम्ही सांगताय काय? तीन वाक्यं, तीन कार्डं. ‘सकाळी तुमचं रक्त काढायचंय’, ‘माझं पाच किलो वजन उतरलं’, ‘फोन उचला’.

श्टूल शब्द ए 1 च्या पहिल्या आठवड्यात येतो. खुर्ची. सगळ्या ॲपमध्ये खुर्चीचं चित्र असतं. वॉर्डात सकाळी प्रश्न असतो तो श्टूलगांगचा, आणि तिथं खुर्चीबद्दल कुणी विचारत नसतं. आपल्या आजी विचारायच्या ना, परसाकडे झालं का? तोच प्रश्न. आणि लघवीला सभ्य भाषेत वासर लासन म्हणतात, शब्दशः पाणी सोडणं. हे शब्द कुठलंच गोड घुबड किंवा पोपट तुम्हाला शिकवणार नाही. पण ते तुमच्या ड्यूटीचे पहिले दहा शब्द आहेत.

आणि माझा आवडता, न्युष्टर्न. उद्या तपासणीला न्युष्टर्न या. इंग्रजीत समजावायला चार-पाच शब्द लागतात. मराठीत? अनशापोटी. एका शब्दाला एक शब्द. (न्युष्टर्नचा दुसरा अर्थ, दारू न प्यायलेला, शुद्धीवरचा. तो तुम्हाला रविवार पहाटेच्या कॅज्युअल्टीत लागेल.)

म्हणून माझा नियम असा: कार्ड तुम्हीच बनवायचं, आणि तुमच्या ड्यूटीवरून बनवायचं. आज वॉर्डात मराठीत काय काय बोललात त्यातली पाच वाक्यं रात्री फोनच्या नोट्समध्ये टाका. ‘कूस बदला’, ‘सलाइन संपत आलंय’, ‘नातेवाईक कोण आहेत सोबत?’ ती वर्गात आणा, आपण जर्मन करू, मग ती आन्कीत जातील. ट्रान्सलेटरमधून थेट उचलू नका. मराठीतून सरळ जर्मन करताना तो कधी कधी ‘कूस’चं काय करेल सांगता येत नाही.

आता कान आणि तोंड. देवनागरी आपली फार गुणी लिपी, पण जर्मनमधले दोन-तीन स्वर तिच्यात बसत नाहीत. ओठांचा चंबू ‘ऊ’ म्हणताना करतो तसा करा आणि आतून ‘ई’ म्हणा. आला तो स्वर. ड्रुकन म्हणजे छापणं. त्यात हा चंबूवाला स्वर घातला की ड्र्युकन, म्हणजे दाबणं. ‘बेल दाबा’ऐवजी ‘बेल छापा’ म्हटलं तर पेशंट हसेल, समजून घेईल. परीक्षकही बहुधा घेईल. पण सगळेच शब्द असे निघाले तर समोरचा दमतो.

इथं फोनमधली एक फुकटची सोय कुणी वापरत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन जर्मन भाषा जोडा. मग माइकचं चिन्ह दाबून जर्मन बोला. फोननं तुमचं वाक्य नीट लिहिलं तर उच्चार निदान समजण्याजोगा आहे. भलतंच लिहिलं तर कुठं घसरलं ते तिथंच दिसतं. हे यंत्र थोडं उदार आहे. वाक्यावरून अंदाज बांधून चुकीचा उच्चारही सांभाळून घेतं. त्यामुळे ‘ड्र्युकन’ सारखा शब्द सुटा म्हणून बघा. पण रात्री दीड वाजता तुमचा उच्चार तपासायला मी जागी नसते, हे जागं असतं.

आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर सुप्रभात आणि फुलं बंद. नियम एकच: रोज एकीनं पेशंट व्हायचं आणि पंधरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकायचा. बाकीच्यांनी लिहायचं नाही, आवाजातच उत्तर द्यायचं. पहिला महिना सगळ्या लाजतात. एकीनं स्टोअर रूममध्ये जाऊन रेकॉर्ड केलं होतं, मागे ट्रॉलीचा आवाज येत होता. आता ती त्या ग्रुपमधली सगळ्यात बडबडी पेशंट आहे, रोज नवं दुखणं काढते.

वेळेचं बोलते, कारण इथंच बहुतेकींचं गाडं अडतं. आन्कीत सुरुवातीची सेटिंग रोज 20 नव्या कार्डांची असते. वीस काय, सहज होतात, असं पहिल्या आठवड्यात वाटतं. पण प्रत्येक नवं कार्ड उद्या, परवा, आठवड्यानं परत येणार. काही आठवड्यांत रोजच्या उजळण्या दीडशेच्या घरात जातात. मग तीन नाइट लागतात, फोन उघडत नाही, चौथ्या दिवशी ॲप म्हणतं, 400 कार्डं बाकी. ते बघून रडू येतं, आणि ॲप जातं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्याच तासाला सेटिंग बदलून घेते. नवी आठ, फार तर दहा. नाइटच्या आठवड्यात नवी शून्य, फक्त जुनी. डोंगर साचलाच तर नवी बंद करा आणि रोज पन्नास-पन्नास करून उतरवा. कार्ड चुकलं म्हणून काही बिघडत नाही, त्याला परत यायचंच आहे. साखळी तुटली म्हणून तर काहीच बिघडत नाही. त्या आगीच्या चित्राचा आणि जर्मन येण्याचा संबंध फार थोडा.

आणि हो, आन्की इंटरनेटशिवाय चालतं. उजळणी करताना डेटा बंद करा. नाहीतर ‘डास क्नी’पासून कुणाच्या तरी बारशाच्या रीलपर्यंत जायला चार सेकंद पुरतात.

आता एक गोष्ट थोडी कडक सांगते. “आमचं ॲप घ्या, तीन महिन्यांत बी 2” असं सांगून पैसे घेणारे फिरतायत. मला त्यांच्या जाहिराती पेशंटचे नातेवाईकसुद्धा पाठवतात. गोएथेच्या बी 2 परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार विभाग असतात. प्रत्येकात 100 पैकी 60 गुण लागतात. बोलण्याच्या भागात समोरच्याशी वाद घालायचा असतो, मत मांडायचं असतं. शब्दांच्या टॅपनं हे होत नाही. बारा तासांची ड्यूटी करून शून्यापासून तीन महिन्यांत तर नाहीच. ज्या बाईनं दागिने ठेवून फी भरलीये तिला हे कुणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून सांगितलं. माझ्या नोकरी करणाऱ्या मुलींना दीड वर्ष लागतं, कधी दोन. फोन त्यातला शब्दांचा भार हलका करतो. बाकीचं वर्गात, पुस्तकात आणि माणसांत बसूनच.

आणि बी 2 झालं तरी शब्द संपत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी आता श्टुटगार्टच्या जवळच्या एका गावात काम करते. श्टुटगार्ट म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्गची राजधानी. मुंबईचं ते 1968 पासूनचं भगिनी शहर आहे, हे जाता जाता. तिथली बोली श्वेबिश. तिचा पहिल्या महिन्यात व्हॉइस मेसेज आला. एक आजोबा म्हणतायत, फूस दुखतोय. फूस म्हणजे पाऊल, आमच्या कार्डावर तसंच होतं. तिनं मोजे काढून पावलं तपासली, काही नाही. आजोबा चिडले. दुखत होती मांडी. श्वेबिशमध्ये फूस म्हणजे कमरेपासून बोटांपर्यंत सगळंच.

मी तिला म्हटलं, अगं, आपण काय म्हणतो? ‘पाय दुखतोय’. तेव्हा आपण पाऊल म्हणतो की पिंढरी की मांडी? तिकडून बराच वेळ नुसतं हसणं. दुसऱ्या दिवशी तिनं मला तिच्या नव्या कार्डाचा स्क्रीनशॉट पाठवला. वर मराठीत ‘पाय (आजोबांचा)’. मागे ‘फूस, आधी विचार: नक्की कुठं?’ त्याच गठ्ठ्यात दुसरं कार्ड होतं टेपिशचं. पुस्तकी जर्मनमध्ये तो गालिचा, पण तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात पांघरायचं ब्लँकेट. कुणी टेपिश मागितला तर जमिनीकडे बघायचं नाही.

असं कार्ड कुठल्या तयार गठ्ठ्यात मिळेल सांगा.

बरं, वेळ झाली. ज्यांनी आजच आन्की उतरवलंय त्यांच्यासाठी या आठवड्याचं काम: तयार गठ्ठा घ्यायचा नाही. उद्याच्या ड्यूटीत मराठीत बोललेली पाच वाक्यं लिहून मला पाठवा. ग्रुपवर नाही तर मेलवर चालेल.

पुढच्या भागात आकडे घेऊ. त्यांना सगळे घाबरतात, कारण जर्मन माणूस 21 ला ‘एक आणि वीस’ म्हणतो, आणि बीपी लिहून घेताना हात उलटा पडतो. घाबरणाऱ्यांनी तोपर्यंत ‘एकवीस’, ‘बावीस’, ‘पंचवीस’ सावकाश म्हणून बघा, आधी काय येतंय ते ऐका. भेटू.